वासोट्याची वाट

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मलेशियात नोकरीस असतो. गेल्या नाताळात तो सांगलीस घरी आला, तेव्हा तिकडील पर्जन्यवनाची छायाचित्रे त्याने आम्हांस दाखविली. वाटाड्यामागून केलेली पायपीट, आभाळ झाकून टाकणारे वृक्ष, सगळे तो मोठ्या उमाळ्याने सांगत होता. शेवटी म्हणाला, "फादर, असलं रान आपल्याकडं नाही." आम्ही मान डोलावली; पण रात्री मनाला रुखरुख लागली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आमची इतकी वर्षे सेवेत गेली, परंतु कोयनेचे सदाहरित रान आम्ही तरी कुठे पाहिले होते?

म्हणून फेब्रुवारीत धर्मग्रामातील दहा-बारा तरुणांना घेऊन आम्ही वासोट्यास निघालो. शिवरायांनी १६६० मध्ये हा किल्ला घेतला आणि त्याचे नाव व्याघ्रगड ठेवले, असे सांगतात. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठली. तेथे वनखात्याची परवानगी घेतली, पिशव्यांतील प्लास्टिकची नोंद झाली आणि एक वाटाड्या बरोबर मिळाला. चाळिशीचा, काटक, मितभाषी. शिवसागराच्या निळ्या पाण्यावरून लाँच निघाली. पोरांनी गाणी धरली, टाळ्या वाजविल्या. आम्हीही त्यांत सूर मिसळला.

मेट इंदवलीस उतरून ओढा ओलांडला आणि रानात शिरलो, तो उन्हे एकाएकी मावळल्यासारखी झाली. जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे शेंडे वर एकमेकांत गुंतलेले. त्यांच्या अंगाखांद्यावर जाडजूड वेली. खाली कुजक्या पानांचा मऊ थर. अशा ठिकाणी धर्मगुरूच्या जिभेला आवर घालणे कठीण! सृष्टी आणि तिचा निर्माता या विषयावर आम्ही तरुणांना प्रवचन देऊ लागलो. वाटाड्या थांबला, मागे वळला आणि संकोचाने म्हणाला, "फादर, रागावू नका, पण जरा गप ऱ्हावा. बोलण्यानं रान लपतं."

आम्ही ओशाळलो. इतरांना मौनाचे महत्त्व आम्ही आजवर किती वेळा सांगितले होते!

मौन पाळल्यावर हळूहळू रान उघडू लागले. प्रथम कानांना. वर कुठेतरी शेकरूचा खडखडाट झाला आणि तांबूस झुपकेदार शेपटी या झाडावरून त्या झाडावर झेपावली. ओढ्याकाठच्या चिखलात वाटाड्याने गव्याचे खूर दाखविले, पुढे अस्वलाने उकरलेले वारूळ दाखविले. वाघ काही दिसला नाही. "तो दिसत न्हाई, पर त्यानं आपल्याला बघितलं नसंल असं कुणी सांगावं?" तो हलकेच म्हणाला. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, त्यात या रानाचाही समावेश आहे. माथ्यावर बाबूकड्यापाशी उभे राहिलो. पायांखाली सरळ तुटलेला कडा, पलीकडे कोकण. कोणी काही बोलले नाही. बोलण्याची गरजच उरली नव्हती.

परतीच्या लाँचमध्ये आम्ही वाटाड्याजवळ बसलो. "दादा, तुमचं गाव कोणतं?" त्याने पाण्याकडे बोट केले. "हितंच, ह्या पाण्याखाली. माझ्या आज्याचं घर, शेत, देऊळ, समदं खाली हाय. आमी वर सरकलो. भावकी कुटं कुटं पांगली."

सकाळी याच पाण्यावरून आम्ही टाळ्या वाजवीत गेलो होतो.

कोयना धरणात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले. आज त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. त्यावरील विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले, घरे उजळली. विस्थापितांना मात्र सोलापूर, सांगलीपासून रायगड, ठाण्यापर्यंत विखरून जावे लागले. जत-आटपाडीची माणसे ढगांची वाट पाहत बसतात आणि या पट्ट्यात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तो पानांच्या थरात मुरतो, ओढ्यांतून सावकाश झिरपतो. मुळे माती धरून ठेवतात, म्हणून धरण गाळाने लवकर भरत नाही. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि तीच कृष्णा आमच्या सांगलीस येते.

देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. यावर आम्ही अनेकदा प्रवचन दिले आहे. ज्याच्या घराण्याची मशागत पाण्याखाली गेली आणि तरीही जो राखण करीत राहिला, असा माणूस मात्र त्या दिवशी प्रथमच भेटला. उतरताना आमच्यापैकी कोणाच्या तरी खिशातून पडलेला चॉकलेटचा कागद त्याने निमूटपणे उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला. आम्ही हात जोडले. त्याने ते लाजून खाली धरले.

रात्री उशिरा सांगलीस पोहोचलो. तहान लागली होती. माठातले पाणी तांब्यात घेतले आणि तोंडाला लावण्यापूर्वी क्षणभर थांबलो. जेवणाआधी आम्ही नेहमी आभाराची प्रार्थना म्हणतो. पाण्याआधी कधी म्हटली नव्हती. त्या रात्री म्हटली, आणि तीत त्या बुडालेल्या गावांचीही आठवण केली.