बाबांची फियाट आणि नववीचा तास



नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना मी दरवर्षी आमच्या घरच्या गाडीचं उदाहरण देतो. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. ते चूकही नाही. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी म्हणजे मूळच्या इटालियन फियाट ११०० चाच भारतीय अवतार. १०८९ सीसीचं इंजिन, जेमतेम ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि थंडीत सकाळी चोक ओढून करावी लागणारी मनधरणी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला सेवेतून गेली, ती बातमी वाचून बाबांनी आमची गाडी धुवून पुसून ठेवली. बोलले काही नाहीत.

गेल्या दिवाळीत मात्र चहा पिता पिता म्हणाले, “हिला बॅटरीवर करून घेऊ या का रे?”

खरं सांगतो, मला धक्काच बसला. गाडीत जीव माझ्यापेक्षा त्यांचाच जास्त, असं मी समजत होतो. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवत नाही. दोन वर्षं गाडी उभीच आहे. रविवारी मी नुसती सुरू करून पाच मिनिटं ठेवतो. बाबा शेजारी उभे राहून ऐकतात.

मी विरोध केला. माझ्याकडे कारणंही होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. आमची २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल, आणि इंजिनच काढलं तर तो मान गेला. ‘फिवा’ ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही हेच म्हणते: विजेवर आणलेली गाडी ऐतिहासिक वाहन उरत नाही. आणि खरं कारण सांगू? मला तो आवाज हवा होता. लहानपणी त्या आवाजावरूनच कळायचं, बाबा कोपऱ्यावर आले.

हा वाद मी वर्गात नेला. मुलांना म्हटलं, भांडण नंतर, आधी हिशोब करू.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, घरच्या वीजबिलात असतात तीच युनिटं. गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते असं धरलं, तर किलोमीटरला पाऊण युनिट. तेवढ्याच वजनाची गाडी मोटरवर किलोमीटरला साधारण ०.१५ युनिट घेईल. म्हणजे पाचपट फरक! मग पेट्रोलची बाकीची ऊर्जा जाते कुठे? एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, बॉनेट गरम होतं ना!” बरोबर. रेडिएटर, सायलेन्सर, सगळीकडून ती उष्णता होऊन निघून जाते.

आता उलटी बाजू. शंभर किलोमीटरसाठी १५ युनिटांची बॅटरी लागेल, आणि तिचं वजन शंभर किलोच्या आसपास. तेवढीच ऊर्जा पेट्रोलमध्ये मोजली, तर दोन लिटरसुद्धा होत नाही. पाण्याच्या बाटलीत मावेल! बॅटरीसमोरची मोठी अडचण मुलांना या एका तुलनेतून कळली, मला वेगळं समजवावं लागलं नाही. तुम्हीही वर्गात करून बघा.

पुढची माहिती मी एका गॅरेजवाल्याकडून समजून घेतली. इंजिन, रेडिएटर, टाकी, सायलेन्सर निघतात. मोटर जुन्या गिअरबॉक्सलाच जोडता येते. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे एकाच गिअरमध्ये ठेवून क्लचशिवाय चालवता येतं. पण ४० अश्वशक्तीसाठी बनलेल्या गिअरबॉक्सवर ताण येऊ नये म्हणून कंट्रोलरमधून तो जोर आवरावा लागतो. वजन पुढे-मागे नीट वाटलं नाही तर स्प्रिंगा बसतात आणि ब्रेक पुरे पडत नाहीत. दिवे आणि हॉर्न १२ व्होल्टवरच राहतात. हे सगळं मनाला येईल तसं करता येत नाही हं. किटला आपल्या पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेची मान्यता लागते आणि आरटीओत आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. खर्च विचाराल तर गाडीच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त. आमच्या मॉडेलला चालेल असं मान्यताप्राप्त किट आम्हाला अजून मिळालेलं नाही.

हे सगळं फळ्यावर मांडून मी मुलांना विचारलं, काय करावं? मला वाटलं, ‘प्रदूषण’ हा शब्द येणार. पण मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, “सर, म्हणजे इंजिन ठेवलं तर गाडी तशीच राहील, पण आजोबा चालवणार नाहीत?”

घंटा झाली म्हणून वाचलो.

घरी येऊन मी बाबांना जॅग्वारची गोष्ट सांगितली. २०१८ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र हॅरी लग्नानंतर ज्या गाडीतून निघाला, ती १९६८ ची ई-टाइप होती, पण विजेवर चालणारी. बॅटरी जुन्या इंजिनाच्याच मापाची करून त्याच जागी बसवली होती, म्हणजे पुढे कधी वाटलं तर इंजिन परत बसवता यावं. फिवासुद्धा सांगते, बदल करायचाच असेल तर उलटा फिरवता येईल असा करा आणि काढलेले भाग जपून ठेवा.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “तुला आवाज पाहिजे ना? मोबाइलमध्ये भरून ठेव. मला गाडी पाहिजे.”

त्या रविवारी आम्ही दोघांनी टेप घेऊन डिकी आणि बॉनेटखालची जागा मोजली. आकडे नववीच्या वहीत आहेत. पुढच्या महिन्यात मुलं पुठ्ठ्याची बॅटरी करून आत बसते का ते बघणार आहेत. काढलेलं इंजिन भंगारात द्यायचं नाही, एवढं ठरलं आहे. बाबा म्हणतात, त्यांच्या खोलीत कपाटाशेजारी जागा आहे.

आईला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.