पाचशे रुपयांचा दंड

‘दंड’ या शब्दाचे अर्थ सांगताना आमच्या आजोबांची मुद्रा मोठी प्रसन्न होत असे. काठी हा पहिला अर्थ, राजसत्ता हा दुसरा, अपराध्यास होणारे शासन हा तिसरा; संन्याशाच्या हाती असतो तोही दंडच, आणि साम, दान, भेद या तिघांनी हात टेकल्यावर राजाजवळ उरतो तोही दंडच. आमचे शालेय शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशी थांबले. जे काही संस्कृत पदरी पडले ते आजोबांच्या ओसरीवर. परंतु आपली दुचाकी घराच्या अंगणात उभी असताना मोबाइलच्या पडद्यावर येऊन उतरणारा दंड त्यांच्या कोशात नव्हता. तो आम्हांस सन २०२३ च्या पावसाळ्यात प्रथम भेटला.

त्या साली श्रावण अधिक आला होता, हे वाचकांस स्मरत असेल. अधिकातल्या एका सोमवारी बेलफूल व थोडे वाणसामान घेऊन आम्ही यवतमाळच्या बाजारातून परत येत होतो. चौकाचे नाव येथे लिहीत नाही. त्याचा काही अपराध नाही. लाल दिवा लागला, आणि आम्ही पांढऱ्या रेषेच्या अलीकडे नियमाप्रमाणे उभे राहिलो. डाव्या हाताला एक ऑटोरिक्षा, तिच्या पलीकडे केळ्यांची हातगाडी. इतक्यात मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. मागे सरण्यास जागा नव्हती, बाजूस जागा नव्हती; होती ती फक्त पुढे. ऑटोवाला पुढे सरला, आम्हीही दोन हात पुढे सरून डावीकडे वळून थांबलो. मधल्या फटीतून रुग्णवाहिका निघून गेली. दिवा हिरवा झाला, आम्ही घरी आलो, आणि ही गोष्ट विसरूनही गेलो.

अकराव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला. नातवाने तो वाचून दाखविला. लाल दिवा असता आपण थांबण्याची रेषा ओलांडली, सबब पाचशे रुपये दंड. सोबत छायाचित्र. त्यात आमची पाठ, वाहनाचा क्रमांक, पांढरी रेषा व लाल दिवा सर्व स्वच्छ दिसत होते. रुग्णवाहिका मात्र नव्हती. ती तोवर निघून गेली होती. छायाचित्रात खोटे असे काहीच नव्हते, आणि खरे जे होते त्यातले निम्मे बाहेर राहिले होते.

आमच्या लहानपणी गावात वाहतुकीचे गुन्हे दोनच असत, बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट. शिपाई चाकातील हवा सोडून देई, चार खडे बोल ऐकवी, आणि न्यायदान तेथल्या तेथे संपे. ती रीत चांगली होती असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्या शिपायाच्या मर्जीवर सारे चाले, आणि मर्जी माणूस पाहून बदले. यंत्रास मर्जी नसते, हा त्याचा मोठाच गुण. तथापि त्या शिपायास कान होते, आणि भोंगा वाजला असता तर त्याने तो ऐकला असता.

रात्री जेवणे आटोपल्यावर घरात सभा भरली. आमचे कुटुंब अद्याप एकत्र आहे, त्यामुळे कोणत्याही विषयावर किमान पाच मते मिळण्याची सोय असते. चिरंजीव म्हणाले, “बाबा, पाचशे भरून मोकळे व्हा. वकिलाच्या दारात पाय ठेवला तरी याहून जास्त जातील.” सूनबाई बँकेत आहेत, त्यांनी घरबसल्या दोन मिनिटांत भरून देण्याची तयारी दाखविली. नातवाने वर्गमित्रांकडून मिळविलेली माहिती पुरविली की शहाणे लोक दंड भरतच नाहीत, लोकअदालतीची वाट पाहतात. वहिनींचे म्हणणे असे की अधिक मासात दान करावयाचेच असते, ते सरकारास झाले असे समजावे. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. आमच्या मुद्रेवरून निकाल काय लागणार हे त्यांनी ओळखले असावे.

आमचे थोरले बंधू न्यायखात्यात लिपिक होते. त्यांचे बोलणे मात्र घटकाभर विचार करावयास लावणारे होते. ते म्हणाले, “दंड भरला म्हणजे तू गुन्हा कबूल केलास असे कोण म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम २०० आहे. त्या अन्वये ठरलेली रक्कम भरली की प्रकरण तडजोडीने मिटते. ही दोषसिद्धी नव्हे. सूचना पंधरा दिवसांच्या आत यावी असा २०२१ चा नियम आहे. तुझी अकराव्या दिवशी आली, म्हणजे त्याही वाटेने सुटका नाही. मग डोके कशास शिणवतोस?”

दादांचा कायदा पक्का होता. परंतु याच कायद्यात २०१९ साली दुरुस्त्या झाल्या, त्यांनी दोन गोष्टी केल्या. किरकोळ उल्लंघनाचा जो दंड पूर्वी शंभर रुपयांपर्यंत होता तो पहिल्या वेळेस पाचशे व पुनरावृत्ती झाल्यास पंधराशेपर्यंत नेला. म्हणजे तडजोडीस कोणी कबुली म्हणो वा न म्हणो, पुढल्या खेपेस आपले नाव ‘पुन्हा करणारा’ या सदरात पडण्याचा संभव राहिला. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. त्याच दुरुस्तीने १९४-ई हे नवे कलम घातले. रुग्णवाहिका वा अग्निशामक वाहन येत असता जो बाजूस होऊन वाट देणार नाही त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तेव्हा त्या चौकात जागच्या जागी उभे राहिलो असतो तर कायद्याच्या दृष्टीने ते वीसपट महाग पडले असते! एकच कायदा एका तोंडाने थांब म्हणतो व दुसऱ्या तोंडाने सर म्हणतो. माणसाने ऐकावे कोणाचे?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. व्याकरणात व मीमांसेत उत्सर्ग आणि अपवाद यांचा विचार पानोपानी आहे. तक्रकौंडिण्यन्याय वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. सर्व ब्राह्मणांस दही वाढा असे यजमानाने सांगितले, आणि कौंडिण्यास ताक वाढा असेही सांगितले. कौंडिण्य हा ब्राह्मणच. मग त्यास दही का मिळू नये? तर विशेष आज्ञा सामान्य आज्ञेस बाधते म्हणून. लाल दिव्यापाशी थांबा हे दही. रुग्णवाहिका आल्यास बाजूस व्हा हे ताक. आम्ही त्या क्षणी कौंडिण्य होतो, इतकेच आमचे म्हणणे.

हे ऐकून दादा हसले व म्हणाले, “कौंडिण्याचे ठीक आहे, पण लिखिताचे काय?” त्यांचा हा टोला नेमका होता. शांतिपर्वातली शंख आणि लिखित या भावांची कथा आमच्या घरात सर्वांस पाठ आहे. शंख आश्रमात नसता लिखिताने तेथली फळे न विचारता खाल्ली. ही चोरी झाली, राजाकडे जाऊन दंड माग, असे थोरल्याने सांगितले. सुद्युम्न राजा क्षमा करण्यास तयार होता. लिखिताने हट्टाने दंड मागून घेतला आणि दोन्ही हात गमावले. पुढे बाहुदा नदीत स्नान करताच ते परत आले, ही कथेची कृपा. दादांचा आशय असा की थोर माणसे क्षुल्लक अपराधाचा दंडही मान खाली घालून घेतात, वाद घालीत नाहीत.

त्या रात्री आम्हांस झोप उशिरा लागली. आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण मनात आले. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे, वकिली यवतमाळात केलेली, आणि संस्कृतात लोकमान्यांचे विस्तृत चरित्र रचण्याइतका त्या भाषेवर अधिकार असलेले. १९३० च्या जुलैत पुसदला त्यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. एवढा निष्णात वकील. पळवाटा त्यांस दिसल्या नसतील? पण गवत त्यांनी कापले होते, आणि कापले हे सांगण्यासाठीच कापले होते. उलट त्यांचे गुरू लोकमान्य टिळक यांनी ताईमहाराज प्रकरणात विश्वस्तपणाला बट्टा लावू पाहणाऱ्या आरोपांशी कित्येक वर्षे झुंज दिली आणि १९१५ साली थेट प्रिव्ही कौन्सिलातून निकाल आणला. तेथे तुरुंग पत्करून तेजस्वी दिसणे सोपे होते. त्यांनी कागदपत्रांचे ओझे वाहिले. दोघांच्या वागण्यात विरोध नाही. लिखिताने फळे खाल्ली होती, अण्यांनी गवत कापले होते. न खाल्लेल्या फळांचा दंड लिखिताने मागितला असता तर ती नम्रता नव्हे, राजाशी बोललेले असत्य झाले असते. एवढा भेद स्पष्ट झाल्यावर आम्हांस झोप लागली.

तरीही पाय उचलत नव्हता, हे सांगितले पाहिजे. गुडघे कुरकुरतात. कार्यालयाच्या बाकावर बसून दिवस घालविणे या वयात नकोसे होते. दादांनी वाटाही सांगितल्या होत्या. पहिली, खात्याकडे तक्रार-अर्ज. दुसरी, लोकअदालत, परंतु १९८७ च्या विधि सेवा कायद्याने निर्माण झालेली ही संस्था तडजोडीची आहे. तेथे रक्कम मिटते, खरे-खोटे ठरत नाही, आणि एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. तिसरी, न्यायालय. २०२० साली नागपुरातून महाराष्ट्राचे पहिले आभासी न्यायालय सुरू झाले. प्रकरण तेथे गेल्यास दंड कबूल असणाऱ्याने घरून भरावा. नाकबूल असेल त्याचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते. तेथे खून-दरोड्यांच्या व जमिनींच्या तुंबलेल्या दाव्यांत आमच्या पाचशे रुपयांची भर घालावी काय, हा प्रश्न दादांनी विचारला, आणि तो आम्हांस खरोखरच टोचला.

निर्णय झाला तो शास्त्राने नव्हे. दोन दिवसांनी त्याच चौकात तो ऑटोवाला दिसला. आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. आम्हांस पाहून त्याने गाडी कडेला घेतली. विचारले तेव्हा कळले की त्यासही तसाच संदेश आला होता, त्याच मिनिटाचा. “मी भरून देल्ले, गुरुजी,” तो म्हणाला. “दोन दिवसाची कमाई गेली. पन आपन कोनाशी भांडाव? पुढच्या टायमाले अॅम्ब्युलन्स आली त मी नाही हलत.”

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही चरकलो. आमचा जिल्हा लांबरुंद आहे. उमरखेड, वणी, झरी येथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रोगी आणावयाचा म्हणजे कित्येकदा दोन-अडीच तासांची वाट. पावसाळ्यात सर्पदंश, फवारणीच्या दिवसांत विषबाधा. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पडली. एवढी वाट तोडून आलेली गाडी शेवटच्या चौकात पाचशे रुपयांच्या भीतीने अडावी! आम्हांस निवृत्तिवेतन मिळते, अर्ज लिहिता येतो, वेळ आहे. या तिन्हींपैकी एकही त्याच्यापाशी नव्हते.

त्याच दिवशी आम्ही अर्ज लिहिला. मराठीत, एका पानात, कौंडिण्यास घरी ठेवून. तारीख, वेळ, दिवा, रेषा, रुग्णवाहिका कोणत्या दिशेने आली व कोणीकडे गेली, आणि चौकातील कॅमेऱ्याचे आधीच्या एका मिनिटाचे चित्रण पाहावे ही विनंती. नातवाने तो संगणकावरून पाठविला. तीन आठवडे उत्तर नाही. मग आम्ही एक प्रत घेऊन स्वतः गेलो. दारावरचा माणूस म्हणाला, “पाचशे रुपयासाठी कायले येवढी पायपीट करता, काकाजी?” दुसऱ्या खेपेस साहेब भेटले. तरुण होते, ऐकून घेणारे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चित्रण मागवितो म्हणाले. आम्ही उठताना त्यांनी विचारले, “त्या रुग्णाचे काय झाले, माहीत आहे का?” ते आम्हांस ठाऊक नव्हते. इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्या घरात कोणीही विचारला नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास चलान रद्द झाल्याचा संदेश आला. दादांनी हिशेब मांडला. ऑटोभाडे, छायाप्रती आणि दोन खेपांचा चहा मिळून दोनशे दहा रुपये. शिवाय गुडघ्याचे तेल वेगळे. पाचशेहून स्वस्त पडले, असे त्यांनी मोठ्या नाराजीने मान्य केले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोवाल्याचे पाचशे परत मिळतील काय हे विचारावयास गेलो. त्याने रक्कम भरल्यामुळे त्याचे प्रकरण मिटलेले आहे, आणि मिटलेले प्रकरण उघडण्याची रीत नाही, असे लिपिकाने अदबीने सांगितले. न भांडता भरणाऱ्याचे गेले आणि भांडणाऱ्याचे वाचले. कलम २०० चा दादांनी सांगितलेला अर्थ तेव्हा आम्हांस पुरतेपणी समजला. आम्ही तेथल्याच बाकावर बसून त्याच्या नावाने दुसरा अर्ज लिहिला, चौकापर्यंत जाऊन त्याची सही आणली, आणि कार्यालय बंद होण्यापूर्वी तो दाखल केला. पोच मिळाली, ती त्याने गाडीच्या काचेवर, गणपतीच्या चित्राशेजारी चिकटवून ठेवली.