नित्य आणि नैमित्तिक

फेब्रुवारी महिना अमेरिकेंत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा म्हणून पाळला जातो. डेट्रॉइट येथील आमच्या चिरंजीवांनीं त्या महिन्यांत एका कृष्णवर्णीय बाईंच्या दुकानांतून पाव आणल्याचें मोठ्या समाधानानें कळविलें. आम्हीं उलट विचारलें, ‘मार्चांत कोठून आणशील?’

त्याच नगरींत १९३० सालीं फॅनी पेक या कृष्णवर्णीय बाईंनीं पन्नास गृहिणी जमवून एक संघ स्थापिला. घरचा माल आपल्याच बांधवांच्या दुकानांतून घ्यावयाचा, हा त्यांचा नेम; अशानें आपल्या मुलांबाळांस काम मिळेल, हा हेतु. १९३४ पर्यंत सभासद १०,००० झाल्या. तो नेम एका महिन्यापुरता नव्हता.

शास्त्रकारांनीं कर्माचे नित्य व नैमित्तिक असे भेद सांगितले आहेत. उत्सवाची खरेदी नैमित्तिक. दुकानाचें भाडें मात्र नित्य!

परंतु चिरंजीवांस बोल लावण्याचा आम्हांस तरी काय अधिकार? आमचे खादीचे सदरे सारे दोन ऑक्टोबरच्या सवलतींतले. विणकराची चूल तर रोज पेटावी लागते. येत्या वैशाखांत एक सदरा पूर्ण किंमतीस घ्यावयाचें आम्हीं योजिलें आहे. चिरंजीवांस तसें कळविलें; मार्चचें उत्तर अद्यापि यावयाचें आहे.