एकाच वाऱ्यात

मोटरसायकलवर दोघं बसली की बोलणं थांबतं. डोक्यावर हेल्मेट, कानांत वारा, खाली इंजिनाची घरघर. पुढच्याचा आवाज मागे पोचत नाही आणि मागच्याने कितीही ओरडून सांगितलं तरी पुढच्याला कळते ती फक्त खांद्यावरची थाप. ज्या नवरा-बायकोला रोज शेजारी पाट मांडून जेवायला मिळतं, त्यांना याचं काही विशेष वाटणार नाही. आमचं तसं नव्हतं. आमचा संसार निम्म्याहून अधिक बोलण्यावरच झालेला आहे.

लग्नानंतर थोड्याच काळात हे कुवेतला गेले. आखाती युद्ध संपून देशाची पुन्हा उभारणी चालली होती, तेलाच्या कामांवर फिटर, वेल्डर, सुपरवायझर हवे होते आणि आमच्या कोकणातून माणसं त्याच्याही आधीपासून आखातात जात होती. बायकोला सोबत ठेवायचं तर पगार ठरलेल्या आकड्याच्या वर लागतो. तो तसा होईपर्यंत रत्नागिरीत मुलांच्या शाळा सुरू झाल्या होत्या आणि सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. मग सगळंच आवाजातून झालं. आधी पत्रं, पुढे आयएसडी बूथ. बूथमधल्या काचेच्या खोलीत लाल आकडे भराभर पुढे सरकत, आणि त्यांच्याकडे बघत मी मुलाचा ताप, फणसाचे आलेले पैसे, पडवीची गळती असं एकेक सांगून टाकत असे. नंतर मोबाईल आले, मग मोबाईलवर चेहराही दिसू लागला. बोलायला वेळच वेळ झाला, तरी बोलणं तेच राहिलं: आज तुमच्याकडे काय झालं, आज आमच्याकडे काय झालं. दोन वेगळे दिवस एकमेकांना सांगायचे आणि फोन ठेवायचा.

यंदा फेब्रुवारीत मी कुवेतला गेले, तेव्हा ह्यांच्या इमारतीखाली एक जुनी, जड मोटरसायकल उभी होती. कायमचा मायदेशी निघालेल्या एका सहकाऱ्याकडून ह्यांनी ती विकत घेतली होती. आखातात असंच चालतं. जाणाऱ्याचा फ्रिज, पलंग, गाडी राहणाऱ्याकडे येते. लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे येझदी होती आणि तिच्यावरून आम्ही गणपतीपुळ्याला, मालगुंडला जात असू. त्यानंतर मी ह्यांच्या मागे बसले ती आत्ता.

फेब्रुवारी हा कुवेतचा सर्वांत चांगला महिना. पहाटे स्वेटर लागतो, दुपारचं ऊन अंगाला बरं वाटतं. याच देशात मित्रिबा नावाच्या ठिकाणी २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केलं, हे त्या दिवसांत खरं वाटत नाही. आकाराने कुवेत आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा, १७ हजार ८१८ चौरस किलोमीटर. बारमाही नदी एकही नाही. माणसं थंड घरातून थंड गाडीत आणि थंड गाडीतून थंड बाजारात जातात, देश काचेपलीकडे राहतो. आधीच्या मुक्कामात मीही तो तसाच पाहिला होता आणि तेव्हा तो मला करड्या रंगाचा, वास नसलेला वाटला होता. मोटरसायकलवरून पहिल्याच सकाळी त्याला वास आला. गल्लीतल्या इराणी भट्टीवर भाजल्या जाणाऱ्या रोटीचा, ओहोटीच्या चिखलाचा, बाजूने गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या कपड्यांतल्या ऊदाचा. दक्षिणेला अहमदीकडे वळलो तर वाऱ्यावर तेलाच्या विहिरींचा उग्र दर्प. तिथल्याच बुरगानच्या वाळूत १९३८ साली तेल लागलं, १९४६ मध्ये पहिलं जहाज तेल घेऊन निघालं आणि या किनाऱ्याचं सगळं आयुष्य पालटलं. त्या एका दर्पावर रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं चिऱ्यांची झाली, किती मुली उजवल्या गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून तो वास मला वाईट म्हणवत नाही.

समुद्राच्या कडेने गल्फ रोड जातो. त्याच्या लगतच कुवेत टॉवर्स. १९७९ साली ते लोकांसाठी खुले झाले. सर्वांत उंच मनोरा १८७ मीटर, त्याच्या अंगावर निळ्या-हिरव्या चकत्यांनी मढवलेले गोल. स्वीडनचे सुने लिंडस्ट्रम आणि डेन्मार्कच्या मालेने ब्यॉर्न यांनी ते रेखले. मी ते फोटोंत पुष्कळदा पाहिले होते आणि ते शोभेचे आहेत असं धरून चालले होते. खाली गाडी लावून ह्यांनी सांगितलं, "अगं, या पाण्याच्या टाक्या आहेत." दोन मनोऱ्यांत मिळून ९० लाख लिटर पाणी मावतं, तिसरा फक्त दिव्यांचा. ज्या गावात एकेकाळी प्यायचं पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीवरून होड्यांत भरून आणावं लागे, जिथे १९५३ नंतर समुद्राचं पाणी गोडं करून प्यायला सुरुवात झाली, त्या गावाने आपली सर्वांत देखणी इमारत पाण्यासाठी बांधली! मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की आमच्या वाडीत बायकांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. समुद्र दारात आणि हंडा रिकामा, हे दुःख दोन्ही किनाऱ्यांचं. मी त्या मनोऱ्यांना मनापासून नमस्कार केला.

पुढे सालमियात सायंटिफिक सेंटरच्या बाहेर 'फतेह अल-खैर' नावाचं मोठं लाकडी गलबत ठेवलेलं आहे, तेलापूर्वीच्या काळातलं, तिथलं उरलेलं शेवटचं. त्याच्याजवळ आम्ही बराच वेळ होतो. असली गलबतं बांधायला मलबारचं सागवान येई. ती बसऱ्याचा खजूर भरून मुंबईला, तिथून खाली कालिकतला जात आणि लाकूड, तांदूळ, काथ्या घेऊन परतत. कुवेतच्या पाणबुड्यांनी काढलेले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६१ पर्यंत इथे रुपयाच चालत होता. १९५९ मध्ये तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या रुपयाच्या नोटा छापल्या, आणि १ एप्रिल १९६१ पासून दिनार आला. म्हणजे ह्यांच्या आजोबांच्या पिढीत कुवेतचा माणूस कमाईसाठी मुंबईच्या बंदराकडे डोळे लावून बसे. मग जपानी कल्चर्ड मोत्यांनी त्याचा धंदा बुडवला, पुढे तेल निघालं, आणि गलबतांची दिशा उलटी झाली. बायकांचं वाट बघणं तेवढं तसंच राहिलं. पाणबुडे उन्हाळ्यात महिनोन्‌महिने समुद्रावर असत, तेव्हा इथल्या बायकाही किनाऱ्यावर थांबत असत. त्यांच्याविषयी मला फार आपुलकी वाटली. त्यांना तर आयएसडी बूथही नव्हता.

सालमियाच्याच एका सिग्नलला आमच्या शेजारी एक डिलिव्हरीची मोटरसायकल येऊन थांबली. कुवेतमध्ये दुचाकी म्हणजे बहुतेक करून हीच: मागे चौकोनी पेटी, हँडलला मोबाईल, आणि तरुण, उन्हाने रापलेला मुलगा. मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मराठीत काहीतरी विचारत होते, ते त्याने ऐकलं.

"काकी, गाव कुठलं?"

"रत्नागिरी. तुझं?"

"मी महाड तालुक्यातला. काका, फिरायला निघालात काय? बरं केलंत."

उन्हाळ्याचं विचारलं तर म्हणाला, "दुपारी अकरा ते चार गाडी बंद ठेवावी लागते, तसा नियमच आहे. पण चारनंतर पण रस्ता तापलेलाच असतो ना." सिग्नल सुटला आणि तो पेटी घेऊन निघून गेला. मला ज्या वाऱ्याने आनंद होत होता, त्याच वाऱ्यात त्या मुलाचे बारा-बारा तास जातात. त्याच्याही घरी कुणी फोनची वाट बघत असेल. संध्याकाळभर मी त्याच्याविषयीच बोलत होते, आणि हे म्हणाले, इथे आलो तेव्हा मीही याच वयाचा होतो.

पण सहलीतला खरा दिवस तो शेख जाबेर पुलाचा. शुवेखपासून कुवेतच्या उपसागरावरून पलीकडच्या सुबियापर्यंत सुमारे ३६ किलोमीटर. १ मे २०१९ ला हा पूल सुरू झाला, त्याआधी पलीकडे जायचं तर उपसागराला वळसा घालून दीड तास जाई. आम्ही सकाळी लवकर निघालो. भरती उतरलेली होती. पुलाचा पहिला भाग चिखलाच्या उथळ पाण्यावरून जातो. शहर मागे पडत गेलं आणि दोन्ही बाजूंना फक्त पाणी राहिलं. आमच्या रत्नागिरीचा समुद्र काळ्या खडकांवर आपटतो, बोलतो. हा उपसागर बोलत नाही. दुधाळ हिरवा, सपाट, आभाळाशी कुठे मिळतो ते कळत नाही. बोटी जाण्याच्या जागी शिडासारखा वाकलेला एकच उंच खांब आहे आणि त्याच्या तारांमधून जाताना आवाज बदलतो. वायव्येचा वारा डावीकडून असा येत होता की गाडी सरळ ठेवायला हे अंग थोडं डावीकडे झुकवत होते आणि मीही आपोआप झुकत होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. येझदीवरची ती सवय शरीराने इतकी वर्षं जपून ठेवली होती. पुलावर थांबायला मनाई. त्यामुळे इकडचं तिकडचं दाखवणं नाही, फोटो नाही, बोलणं नाही. वारा ह्यांच्या छातीवर आदळून मग माझ्यापर्यंत येत होता. मला आतून भरून आलं आणि हेल्मेटच्या आत ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

सुबियाला पूल टेकतो आणि वाळवंट सुरू होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कुवेती कुटुंबं इथे तंबू ठोकून राहतात. आम्ही गेलो तेव्हा तंबूंच्या रांगाच रांगा होत्या, चहाच्या किटल्या, चार चाकांच्या लहान गाड्या उडवणारी पोरं. काचेआड राहणाऱ्या या माणसांनाही वर्षातून एकदा वाळूवर बसावंसं वाटतं, हे बघून मला त्यांच्याविषयी वेगळंच प्रेम वाटलं. याच सुबियात उत्खननात डांबराचे काही तुकडे सापडले आहेत. त्यांच्या एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या खडकांना चिकटतात ती शिंपल्यांसारखी कवचं. सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाने बोरूची नाव डांबराने लिंपून समुद्रात घातली होती. जगात सापडलेल्या, समुद्रात जाणाऱ्या नावेच्या सर्वांत जुन्या अवशेषांमध्ये त्यांची गणना होते. इथून नवरे समुद्रावर जायला लागले त्याला सात हजार वर्षं झाली, असं मी ह्यांना म्हटलं. ह्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

परतताना पूल घेतला नाही. उपसागराला वळसा घालून मुतलाच्या कड्यावरून आलो. कडा म्हणावा असा तो आम्हा कोकणातल्या माणसांना वाटणार नाही. पण सपाट देशात तेवढ्या चढालाही मान आहे. तिथून जाणारा ८० क्रमांकाचा रस्ता इराकच्या सरहद्दीकडे जातो. २६ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री कुवेत सोडून पळणाऱ्या इराकी सैन्याचा ताफा याच रस्त्यावर विमानांनी भाजून काढला. आता रस्ता गुळगुळीत आहे, कडेला मुतला नावाचं नवं शहर उभं राहतंय, आणि राष्ट्रीय दिन व मुक्तिदिन जवळ आल्यामुळे गाड्यांवर झेंडे फडकत होते. आमच्या आळीतले एक काका १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं तेव्हा कुवेतमध्ये अडकले होते. बसने बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. पुढच्या दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असं आणलं गेलं. काका आले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि पिशवीत दिनारच्या नोटा, ज्या त्या वेळी कुणी घेईना. ते त्या रस्त्याविषयी कधीच काही बोलले नाहीत. मी तिथे ह्यांच्या पाठीला घट्ट धरून बसले होते.

जहराला आलो तेव्हा अंग वाऱ्याने बधिर झालं होतं. टपरीवजा दुकानात करक चहा घेतला, वेलची घातलेला, दाट. हेल्मेटं टेबलावर ठेवली आणि दिवसभर न बोललेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"पुलाच्या सुरुवातीला रोहित पक्षी होते, बघितलेत?" मी विचारलं. "डाव्या हाताला, चिखलात. एवढी मोठी रांग, गुलाबी!"

"नाही गं. मी कठड्याच्या सावलीवरून वाऱ्याचा अंदाज घेत होतो. आणि तुला तो वाळूचा लोट दिसला का, सुबियाच्या वळणावर रस्ता ओलांडून गेलेला?"

मला दिसला नव्हता. ह्यांना डांबरावर पसरलेली वाळू दिसली होती, मागून येणारा टँकर आरशात दिसला होता, त्या उंच खांबाजवळ गाडी हलली ती जागा नेमकी आठवत होती. मला पक्षी, तंबूबाहेर झेंडा लावणारी एक लहान मुलगी आणि ओट्यावर वाळत घातलेले कपडे. एकच दिवस होता, त्याची पुढची बाजू ह्यांच्याकडे आणि बाजूबाजूची माझ्याकडे. आम्ही तो टेबलावर मांडत गेलो. टँकर आधी की वाळू आधी यावर चांगलाच वाद झाला.

"रोहित नसतीलच ते," हे म्हणाले, "बगळे असतील."

"गुलाबी बगळे?"

"बरं, उद्या भरतीची वेळ बघून पुन्हा जाऊ. हळू चालवीन. पण तू खांद्यावर थाप मार, मला कळलं पाहिजे कुठे बघायचं ते."

"आणि तुम्ही रस्ता सोडून चिखलाकडे बघणार?"

ह्यांनी आणखी दोन चहा सांगितले.