शनिवार तेल्यांचे मराठी वाङ्मय

आर्मेनियन विद्येचा आज जगात जो मान आहे, तो त्या लोकांच्या संख्याबलामुळे नव्हे. ती भाषा इराणी शाखेतील नसून संस्कृत-ग्रीकांच्या कुलातीलच एक निराळी शाखा आहे, हे ह्युब्शमान या जर्मन पंडिताने १८७५ साली दाखविले. 'दुस्त्र' म्हणजे दुहिता, 'तस्न' म्हणजे दश, 'कोव' म्हणजे गो, एवढे सांगितले तरी ज्यांनी अमरकोश घोकला आहे त्यांस यातील गोडी कळेल. परंतु पंडित येण्यापूर्वी त्या लोकांनीच आपल्या पोथ्या जिवापाड जपल्या होत्या. आज येरेवानच्या मातेनादारान ग्रंथागारात त्या हजारोंनी आहेत. त्यांच्या भाषेतील पहिले नियतकालिकही १७९४ साली आपल्या मद्रासेतच निघाले.

मुंबईच्या कोटातील आर्मेनियन प्रार्थनामंदिर १७९६ सालचे. त्याच साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग स्थापिले. हे दिवेकर आमच्या कुलाब्याकडच्या समाजातले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावे ऐकून ही माणसे ज्यू असतील अशी शंका तरी कोणास येईल काय? शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची प्रार्थना हिब्रूत. पण घरचे बोलणे मराठी, एलियाहू हन्नाबीस दाखवावयाचा मलिदाही पोह्यांचा, आणि कीर्तनेदेखील मराठीच! बायबलातील आख्याने ते हरिदासी थाटाने लावीत. त्यांच्यासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून रचिले होते. परभाषेचे व्याकरण मराठीत सांगणे किती कठीण, हे आम्हां शाळामास्तरांस ठाऊक आहे.

अशा या वाङ्मयाच्या अभ्यासाची आजची स्थिती मात्र चमत्कारिक आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास छापला गेला १९३७ साली, आणि तोही तेल अवीवला. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलास गेला, आणि आज अभ्यास चालतो तो बहुतांशी इंग्रजीत नि हिब्रूत. मूळ ग्रंथ मराठी आणि त्यांवरील विवेचन वाचावयाचे परभाषेत, हा उफराटा न्याय नव्हे काय? कोचीनच्या ज्यू स्त्रियांची मल्याळम गाणी ग्रंथरूपाने निघाली, तेव्हा स्कारिया झकारिया हे मल्याळमचे अध्यापक त्या कामात होते. आमच्याकडील मराठीचे अध्यापक ज्ञानेश्वरी-तुकारामापाशी थांबतात. थांबावयास ती जागा उत्तमच. तथापि त्यांतील एखाद्याने दोन वर्षे हिब्रूला द्यावी, असे आम्हांस फार वाटते.

घाई मात्र पोथ्यांची नाही, माणसांची आहे. आख्यानांच्या चाली ज्यांच्या कानांत आहेत अशी वृद्ध माणसे येथे आणि तिकडे आता थोडीच उरली असणार. त्यांचे गायन यंत्रावर उतरून घेतले पाहिजे. आणि आमच्या डोलवी-पेण-रोह्याकडील वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अब्राहाम वा योसेफ यांच्या आख्यानाचे जीर्ण मराठी पुस्तक सापडले, तर ते रद्दीत न घालता एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या हवाली करावे.