तिरफळाचा वाली

पनवेलच्या बाजारांत वाण्याकडे तिरफळ मागितलें, तर पुष्कळदां हातीं त्रिफळा चूर्णाची डबी येते. नांवांत साम्य आहे खरें. पण हिरडा, बेहडा आणि आवळा या तिघांशीं तिरफळाचा सुतराम संबंध नाहीं. एक पोट साफ करतें, दुसरें जीभ जागी करतें, एवढा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवला तरी पुरे.

तिरफळाचें कूळ लिंबाचें. बेल, कवठ, कढीलिंब आणि सताप हींही त्याच कुळांतलीं. यांचें पान उजेडाकडे धरून पाहावें. बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पेशींत कुळाचा सारा वास सांठवलेला असतो. मात्र तिरफळाचें रूप पाहून हें नातें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सह्याद्रीच्या पावसाळी रानांत उंच वाढणारें हें झाड. त्याच्या बुंध्यावर जाड बुडाचे टोंकदार कांटे. पावसाळ्यांत हिरव्या मण्यांसारख्या फळांचे घोस लागतात. तीं वाळलीं कीं उकलतात आणि आंतून काळें चकचकीत बीं डोकावतें. हें देखणें बीं टाकून द्यावयाचें आणि सुरकुतलेलें टरफल ठेवावयाचें, अशी या फळाची उलटी रीत आहे. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या कालवणांत हीं टरफलें नुसतीं ठेचून घालतात. मासळी वर्ज्य असेल त्या दिवशीं तुरीच्या डाळींत घालतात. चुकून एखादें दांताखालीं आलें तर जिभेला मुंग्या येतात आणि क्षणभर बोलणें थांबतें. कांहीं कुटुंबांत हाही एक गुणच मानावा लागेल!

चीनच्या सेचुआन प्रांतांत तिरफळाच्या भाऊबंदांपैकीं एक फळ रोजच्या जेवणांत असतें. अमेरिकेनें १९६८ सालीं त्याच्या आयातीस बंदी केली. लिंबवर्गास लागणारा खैऱ्या रोग त्याच्याबरोबर येऊन आपल्या संत्र्यांच्या बागांत शिरेल, हें भय त्यामागें होतें. फळें आधीं तापवून घ्यावींत या अटीवर २००५ सालीं ती बंदी उठली. आम्ही स्वयंपाकघरांत जें नातें विसरलों, तें परदेशच्या कायद्यानें बरोबर ओळखलें.

त्याच १९६८ सालीं आमच्या पनवेलजवळचें कर्नाळ्याचें रान पक्ष्यांचें अभयारण्य झालें. तेव्हांपासून तेथील झाडांना सरकार हा वाली आहे. झाडाला वाली लागतो, हें एकदां मनांत ठसलें म्हणजे लिंबाच्या कुळाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. बेलाला महादेव आहे. लिंबाला बाजार आहे. कढीलिंबाला रोजची फोडणी आहे. तिरफळाला देव नाहीं, आणि बाजार आहे तो लहानसा. केरळानें २०१८ सालीं ज्याला राज्याचें फुलपांखरू ठरविलें, त्या बुद्धमयूरीच्या अळ्या तिरफळाच्या पाल्यावर वाढतात. पण फुलपांखरांचा शब्द सातबाऱ्यावर चढत नाहीं. परसांतलें तिरफळ राखते ती केवळ खाणाऱ्याची जीभ.

आमच्या मावशीचें घर मालवणाकडे आहे. तिच्या परसांतलीं टरफलें दरवर्षीं दसऱ्याच्या सुमारास आमच्या घरीं येतात. यंदा त्यांच्याआधीं तिचा फोन आला. दारापर्यंत गाडी यावी म्हणून वाट रुंद करावयाची आहे आणि झाड वाटेंत येतें. आंकडीनें घोस काढणारा गडी आतां थकला, आणि त्या कांट्यांत हात घालावयास दुसरा मिळत नाहीं. हें सारें सांगून तिनें विचारलें, "रे, तुमका अजून तिरफळां लागतत मां?"

प्रश्न साधा होता. पण एक उभें झाड त्याच्या उत्तरावर टेकलें होतें. आम्हीं घरांत विषय काढला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, वर्षाकाठीं मूठभर लागतात. विकत आणूं." हिशेब चोख होता. आमच्या सूनबाईंचें माहेर साताऱ्याचें. तिरफळाची ओळख त्यांना लग्नानंतर झाली. त्या म्हणाल्या, "पण विकतच्या पुडीसाठींही कुठेंतरी झाड लागेलच ना?" यावर चिरंजीवांना उत्तर सुचलें नाहीं, आणि आम्हांलाही सुचलें नाहीं.

प्रत्येक घरानें "आम्ही विकत आणूं" असें म्हटलें, तर विकावयास आणणार कोण? बेल तोडतांना माणसाचा हात कचरतो. तिरफळ तोडतांना कचरावा असें भय कोणीं घातलेलें नाहीं. तें जेवणांत राहिलें, तरच परसांत राहील.

आम्हीं मावशीला कळविलें कीं, तिरफळें लागतात, आणि पूर्वीपेक्षां अधिक लागतात. वाट झाडाला वळसा घालून नेण्यास जो जादा खर्च येईल, तो आम्ही सोसूं. मुलांना विचारून सांगतें, असें ती म्हणाली. तिचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. बुधवारीं सूनबाईंनीं बांगडे आणले. टरफलें मात्र त्यांनीं मोजून चारच घातलीं.