दोन लक्ष्मीबाई

मे महिन्यात अहेरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी गेलात, तर निम्मी घरं रिकामी दिसतील. बाया तेंदूपानाला गेलेल्या असतात. ऊन चढता चढता पानांचे भारे घेऊन परततात, सावलीत पाय पसरून बसतात आणि पुडे बांधायला घेतात. सत्तर पानांचा एक पुडा, त्याला वाकाची गाठ. हात चालू असतात तसं तोंडही: गोंडीत, तेलुगूत, मराठीत, कधी एकाच वाक्यात तिन्हींत. प्राणहितेला पूर आला असताना कुणाचं बाळंतपण कसं झालं, कुणी सासर का सोडलं, जंगलात अस्वल समोर आलं तेव्हा कोण कुणाला टाकून पळालं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, जातात, मोजले जातात, कार्डावर आकडा चढतो. बोललेलं कुठेच चढत नाही.

बायकांची आत्मकथनं मी हावऱ्यासारखी वाचते, ती या दुपारींमुळे. छापलेल्या पानावर कुणीतरी असंच पाय पसरून बोलायला बसलेलं असतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक आजही पहिल्या पानापासून धरून ठेवतं. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, फाशी झाली. इतिहास लिहिणारा इथे पूर्णविराम देऊन पुढे गेला असता. लक्ष्मीबाई आपल्याला घरात नेतात. सासऱ्यांच्या फाशीनंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेईनात, मीठसुद्धा. मीठ धुतल्यावर हाती काय उरतं, हे रांधणाऱ्या बाईलाच कळतं. फाशी त्र्यंबकच्या बाजूला झाली आणि तिचे धक्के जलालपूरच्या चुलीपाशी वर्षानुवर्षं बसत राहिले, हे एरवी कुणी सांगितलं असतं?

हे वाचताना मला दर वेळी आमच्या अहेरीची लक्ष्मीबाई आठवते. तीही १८५७ च्याच धामधुमीतली. अहेरीची जमीनदारीण. बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, राजगड परगण्यापासून जंगल पेटलं. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने या बाईवर दाब आणला आणि तिच्या माणसांकरवी बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आजही त्या दिवशी लोक तिथे जमतात आणि बाबुरावांपुढे हात जोडतात, ते रास्तच आहे. लक्ष्मीबाईच्या वाट्याला एक शब्द आला: फितूर. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण क्रिक्टनचा निरोप आला त्या रात्री ती जेवली का, कुणाशी बोलली, फाशीची बातमी वाड्यात कशी आली, यातलं काहीएक आपल्या हाती नाही. दुसऱ्यांनी तिच्याबद्दल लिहिलं, तिचं स्वतःचं एक वाक्य उरलं नाही. एका लक्ष्मीबाईने लिहून ठेवलं म्हणून तिचा चक्रम बापसुद्धा आपल्याला जवळचा वाटतो. दुसरीला आपण दोन ओळींत निकालात काढतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत नंतर बाया लिहित्या झाल्या. आनंदवनाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, गाठीला १४ रुपये. पण साधनाताई आमट्यांचं ‘समिधा’ वाचा. नागपूरच्या कर्मठ घुल्यांची इंदू, म्हणजेच साधनाताई, वरोऱ्याच्या माळावर आली तेव्हा पदरात विकास आणि प्रकाश अशी दोन लहान मुलं होती. विंचू-सापांच्या त्या रानात चूल रोज पेटवावी लागत होती. बाबा आमट्यांवर बरंच लिहिलं गेलंय. मला विचाराल तर सुरुवात ‘समिधा’पासून करावी. त्या दोन मुलांतलाच प्रकाश १९७३ साली आलापल्लीच्या पुढे, हेमलकशाला आला.

डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. त्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला, की ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आहे. आकडा जगभर गेला. पण त्यांच्याच ‘कानोसा’ या पुस्तकात त्याच भागातल्या बायका आपल्या शरीराबद्दल बोलतात, तेव्हा त्या आकड्याला तोंड फुटतं.

आणि लिहायला निवांतपणा लागतो, हेही खरं नाही. फलटणकडच्या बेबी कांबळ्यांनी किराणा दुकानात बसून, नवऱ्याच्या नकळत, ‘जिणं आमुचं’ लिहिलं आणि कागद वर्षानुवर्षं दडवून ठेवले.

अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागडकडची पोरं-पोरी आता शिकलीत. प्रत्येकाच्या हातात फोन आहे, त्यात आवाज टिपायची सोय आहे. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे: आजी बोलत असेल तर टिपून घ्या. गोंडीत बोलली तर गोंडीत, तेलुगूत बोलली तर तेलुगूत. तिचं मराठी शुद्ध करू नका, लाजिरवाणं म्हणून काही गाळू नका, आणि वहीत उतरवाल तेव्हा वहीवर तिचं नाव घाला, तुमचं नको.